भरती आहे का ओहोटी?

क्लोद मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या प्रसिद्ध चित्राचा फोटो मोबाइलवर घ्यावा आणि त्यातला रंग काढून टाकावा. निळसर पाणी राखाडी होतं, होड्या काळ्याच राहतात, डोलकाठ्या पुसट का होईना, दिसत राहतात. सूर्य मात्र जातो. नीट शोधला तर एक फिकट डाग सापडतो, तोही तिथे सूर्य होता हे आपल्याला आधीपासून ठाऊक असल्यामुळे. ज्या नारिंगी ठिपक्यामुळे या चित्राला सूर्योदय म्हणायचं, तो उजेडाच्या हिशेबात भोवतालच्या आकाशाइतकाच आहे. मोनेने सूर्याला रंग दिला आणि तेज काढून घेतलं.

हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचा उलगडा केला आहे. मेंदू कसं पाहतो हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. डोळ्यांतून आत गेलेलं दृश्य पुढे ढोबळमानाने दोन वाटांनी जातं, असं त्या सांगतात. एक वाट उत्क्रांतीत आधी तयार झालेली. तिला रंग कळत नाहीत, फक्त उजेड-अंधार कळतो. पण एखादी वस्तू कुठे आहे, हलते आहे की थांबली आहे, हे तीच ठरवते. दुसरी वाट रंग ओळखते, चेहरे ओळखते, समोर काय आहे ते सांगते. मोनेचा सूर्य या दुसऱ्या वाटेला ठसठशीत दिसतो आणि पहिलीला जवळपास दिसतच नाही. काय आहे ते कळतं, पण कुठे आहे ते पक्कं होत नाही. म्हणून त्याच्याकडे बघत राहिलं की तो जागच्या जागी थरथरतो. मोनेला हे शास्त्र माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. डोळे किलकिले करून, दोन रंग शेजारी ठेवून, कमी-जास्त करत तो तिथे पोचला असणार. चित्रकार असेच पोचतात.

छापणाऱ्यांना मात्र हे सोसत नाही. कॅलेंडर असो, पोस्टर असो, चहाचा मग असो, सगळीकडे सूर्य वाढवून ठेवलेला असतो. पिवळट, चकाकता, खरा असतो तसा. तेवढ्याने चित्र सोपं होतं आणि मरतं. मूळ चित्र पॅरिसच्या पश्चिम टोकाला मार्मोताँ मोने संग्रहालयात आहे. तिथे त्याच्यासमोर उभं राहिलं की आधी थोडा विरसच होतो, एवढंसंच? उंची ४८ सेंटिमीटर, रुंदी ६३. काखेत मारून नेता येईल इतकं. २७ ऑक्टोबर १९८५ला तसं नेलंही. हत्यारबंद चोरांनी भरदिवसा इतर आठ चित्रांबरोबर ते उचललं आणि पाच वर्षांनी ते कॉर्सिका बेटावर सापडलं. साऱ्या जगाला तोंडपाठ असलेलं चित्र ते विकणार कुणाला होते, देव जाणे.

जवळ गेल्यावर विरस ओसरतो. रंग इतका पातळ लावला आहे की काही ठिकाणी कॅनव्हासची वीण दिसते. आकाश आणि पाणी एकाच निळ्या-राखाडी रंगातून निघालेलं, ओल्यावर ओला रंग फिरवलेला. सारवलेल्या अंगणात बोटांचे फराटे राहतात तसे ब्रशचे फराटे राहिलेले. क्षितिजाची रेघ नाही. जाड रंग आहे तो सूर्याच्या गोळ्यात आणि पाण्यात पडलेल्या त्याच्या आडव्या तुकड्यांत. पुढची होडी मोजक्या गडद फटकाऱ्यांत आटोपली आहे. तिच्यात एक जण उभा, एक बसलेला. तिच्यामागे दुसरी, जास्त पुसट. तिसरी तर आहे की नाही अशी शंका यावी इतकीच. चित्राला जी खोली आहे ती या तीन होड्यांच्या तिरक्या रांगेने दिलेली. डावीकडे उभ्या काड्यांची गर्दी, त्यांत डोलकाठ्या कुठल्या आणि धुरांडी कुठली हे थोडा वेळ पाहिल्यावरच उमजतं. उजवीकडे क्रेन आणि आणखी डोलकाठ्या. धूर आहे, आणि तो डावीकडून उजवीकडे चालला आहे.

धूसर, तरल, स्वप्नवत, हे या चित्राविषयी बोलतानाचे ठरलेले शब्द. मला त्यांचा कंटाळा आला आहे. धुक्याचं कौतुक करता करता आपण बंदर विसरतो, आणि हे चित्र आधी बंदराचं आहे.

बंदर फ्रान्सच्या वायव्येला, सेन नदीच्या मुखाशी असलेलं ल हाव्र. मोनेचा जन्म १८४०चा, पॅरिसमधला, पण तो पाचेक वर्षांचा असतानाच घरचे ल हाव्रला आले. वडील नातेवाइकांच्या घाऊक किराणा मालाच्या आणि जहाजांना सामान पुरवण्याच्या धंद्यात होते. मुलगा शाळेत कमी आणि धक्क्यावर जास्त असायचा. गावातल्या बड्या माणसांची व्यंगचित्रं काढून विकायचा, आणि ती दुकानात टांगलेली असायची. तिथेच युजीन बूदँ या तिथल्याच चित्रकाराशी ओळख झाली आणि बूदँने त्याला रंगांची पेटी घेऊन उघड्यावर नेलं. ल हाव्रला उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक पडतो. सकाळी धक्क्याला टेकलेली होडी दुपारी दोन मजले खाली गेलेली असते. अशा गावात वाढलेल्या मुलाला पाण्याची वेळ शिकवावी लागत नाही.

आपल्याकडे समुद्र आणि सूर्य एकत्र आले की तो सूर्यास्तच असतो. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला; सूर्य उगवतो तो डोंगराआडून, माडांमागून. समुद्रावरचा सूर्योदय पाहायचा तर खाडीच्या किंवा बंदराच्या आतल्या अंगाला जावं लागतं. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर डिसेंबरच्या सकाळी उरणच्या बाजूने सूर्य वर येतो, पाण्यावरच्या धुरकटात अडकलेला, शेंदरी, उघड्या डोळ्यांनी बघता येईल असा. ल हाव्रचीही तीच गत. गाव पश्चिम टोकाला, सूर्य मावळतो समुद्रात, पण उगवतो तो गोद्या, वखारी आणि धुरांड्यांच्या मागून. मोनेच्या चित्रात क्षितिज का नाही, याचं एक कारण इतकं साधं आहे. तिथे मोकळा समुद्र नव्हताच, बंदराचा आतला भाग होता. बंदराचा भूगोल न बघता नुसता नारिंगी गोळा बघितला की गोंधळ होतो. या चित्राची नोंद काही काळ कागदोपत्री 'मावळता सूर्य' अशीही झाली होती.

माझे मामा मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये, डॉक मास्टरच्या ऑफिसात नोकरीला होते. चित्रांशी त्यांचा संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरापुरता. पॅरिसहून आणलेलं या चित्राचं पोस्टकार्ड मी त्यांना दिलं तेव्हा ते वा-छान काही म्हणाले नाहीत. चष्मा कपाळावर चढवला, कार्ड नाकाशी नेलं आणि विचारलं, "भरती आहे का ओहोटी?"

"मामा, सूर्योदय आहे."

"ते दिसतंय गं मला. पाणी कुठवर आलंय ते विचारतोय. ही मधली उंच डोलकाठी बघ. एवढं मोठं जहाज, एवढ्या सकाळी, मध्येच कसं? एक तर आत येतंय नाही तर बाहेर जातंय. म्हणजे गेट उघडं आहे. म्हणजे भरती." मग कार्ड परत देत म्हणाले, "ज्याने काढलंय त्याला बंदर ठाऊक आहे."

मामांचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नाभोवती गेलेलं. मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८चा. दोन्ही गोद्या अशा की भरतीला पाणी चढलं की दरवाजे उघडायचे, जहाजं आत-बाहेर करायची आणि पाणी उतरायच्या आत दरवाजे लावून आतलं पाणी धरून ठेवायचं. ओहोटीत दरवाजा उघडला तर आतली जहाजं चिखलात बसतील. १९१४चा अलेक्झांड्रा डॉक, आताचा इंदिरा डॉक, त्याला दुहेरी दरवाजांचं लॉक असल्यामुळे तिथे एवढी ओढाताण नव्हती. पण जुन्या दोन गोद्यांचं घड्याळ चंद्राच्या हाती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तशी मामांची ड्युटी सरकायची, आणि ड्युटीबरोबर आजोळची जेवणाची वेळ. मामी ताट वाढायच्या आधी भिंतीवरचं टाइड टेबल बघायची. कोळीवाड्यात ज्याला उधाण आणि भांग म्हणतात, त्या मोठ्या आणि छोट्या भरत्यांची भाषा आमच्या घरात रेल्वेच्या टाइमटेबलासारखी सहज बोलली जायची.

मामांचा हाच प्रश्न टेक्सास स्टेट विद्यापीठातल्या डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने विचारला होता आणि २०१४मध्ये मार्मोताँ संग्रहालयाच्या मदतीने त्याचं उत्तर काढलं होतं. जुने नकाशे आणि फोटो लावून त्याने आधी मोनेची खिडकी शोधली. ती ग्रँ के या धक्क्यावरच्या ओतेल द लामिरोते या हॉटेलातली, आग्नेयेकडे उघडणारी. चित्रातला सूर्य क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर आहे, म्हणजे उगवून वीस ते तीस मिनिटं झालेली. तो ज्या दिशेला आहे तिथे वर्षातून दोनदाच येतो, नोव्हेंबरच्या मध्याला आणि जानेवारीच्या शेवटी. मग भरती. चित्राच्या मध्याशी गोदीत जाण्याचा दरवाजा आहे आणि मोठी जहाजं त्यातून भरतीच्या आसपासचे काही तासच ये-जा करू शकत. ज्या दिवशी सूर्योदयाला पाणी चढलेलं नव्हतं ते दिवस बाद. उरलेल्या दिवसांच्या हवामानाच्या नोंदी काढल्या; वादळी आणि पावसाळी दिवस बाद. शेवटी धूर. तो डावीकडून उजवीकडे जातो म्हणजे वारा पूर्वेचा. या सगळ्या चाळण्यांतून दोनच तारखा राहिल्या, १३ नोव्हेंबर १८७२ आणि २५ जानेवारी १८७३. चित्रावर सहीशेजारी मोनेने ७२ घातलं आहे. म्हणून १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साधारण ७ वाजून ३५ मिनिटं.

इतकी घासाघीस करून मिळालेल्या मिनिटाचं मला फारसं अप्रूप नाही. तारीख सोळा असती तरी चित्र तेच राहिलं असतं. मला गंमत वाटते ती याची की जे चित्र 'नेमकं काहीच दाखवत नाही' म्हणून हिणवलं गेलं, त्यात सूर्याची उंची, पाण्याची पातळी आणि वाऱ्याची दिशा इतकी पक्की निघाली की दीडशे वर्षांनी त्यावरून पंचांग मांडता आलं. धुक्यातही बंदर आपल्या जागी आहे. कुठल्या काडीला धूर द्यायचा आणि कुठलीला द्यायचा नाही हे बघणाऱ्याला माहीत होतं.

आणि त्याला घाई होती. सूर्य स्वतःच्या रुंदीइतकं अंतर दोन मिनिटांत कापतो. नारिंगी गोळा एकदा कॅनव्हासवर टेकवला की बाकीचं सगळं रंगवेपर्यंत खरा सूर्य तिथे नसतो; धूर पांगतो, जहाज दरवाजातून सरकतं, पाणी उतरायला लागतं. अशा वेळी रंग घोटत बसायला सवड नसते. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१मध्ये रंगांसाठी कथलाची दाबायची ट्यूब काढली, त्यामुळे तयार रंग घेऊन हॉटेलच्या खिडकीत बसणं शक्य झालं. नाही तर आधीची पिढी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत रंग भरून ठेवायची, आणि पिशवीला एकदा भोक पाडलं की रंग वाळायला लागायचा. चित्राचा सुटा, उरकता हात पुढे शैली म्हणून गाजला. ल हाव्रच्या त्या सकाळी तो बंदराचाच वेग होता. दरवाजा उघडा आहे तेवढ्यात जहाज काढायचं, सूर्य खाली आहे तेवढ्यात चित्र.

मग बंदर गळालं कसं? नावामुळे. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी भरवलेल्या १८७४च्या प्रदर्शनाची सूची चित्रकार रेन्वारचा भाऊ एद्मों करत होता आणि मोनेच्या चित्रांची तीच ती नावं बघून तो कावला होता. या चित्राला काय लिहू, असं विचारल्यावर मोनेने सांगितलं की 'इम्प्रेशन' लिहा. पुढे एका मुलाखतीत त्याने कारणही दिलं; हे ल हाव्रचं दृश्य म्हणून काही खपलं नसतं. प्रामाणिकपणा म्हणा की चतुराई म्हणा, त्या क्षणी गावाचं नाव सूचीतून गेलं. 'ल हाव्रचं बंदर, सकाळ, भरती' असं नाव असतं तर लोकांनी दरवाजा कुठे, क्रेन कुठे, हे शोधलं असतं, नाही सापडलं म्हणून चिडले असते, आणि गोष्ट तिथे संपली असती. 'इम्प्रेशन, सूर्योदय' म्हटल्यावर सगळे चित्रकाराच्या मनात डोकावायला लागले. अजून डोकावताहेत.

त्या प्रदर्शनाची कथा इतक्यांनी सांगितली आहे की मी लांबवत नाही. १५ एप्रिल १८७४ला पॅरिसच्या बुलव्हार दे काप्युसीनवर, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत ते भरलं. तिकीट एक फ्रँक. महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं आली. दहा दिवसांनी 'शारिवारी' या विनोदी पत्रात लुई लरवाने एक काल्पनिक संवाद लिहिला. त्यातला जुन्या वळणाचा चित्रकार एकेक चित्र बघत वेडा होत जातो आणि मोनेच्या चित्रापाशी म्हणतो की भिंतीला चिकटवायचा अर्धवट कागदसुद्धा याहून पुरा असतो. लरवाने त्या लेखाच्या मथळ्यात चित्रकारांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं, ते कायमचं चिकटलं. पण चारच दिवसांनी कास्तान्यारी या दुसऱ्या समीक्षकाने तोच शब्द कौतुकाने वापरला. ही माणसं देखावा रंगवत नाहीत, देखाव्याने मनावर जे उमटतं ते रंगवतात, असा त्याचा आशय. टिंगल आणि कौतुक, दोघांचाही मुद्दा एकच होता, आणि दोघांनीही बंदर सोडून दिलं. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींनी वर्षअखेरीला हिशेब केला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या माथी १८४ फ्रँक आणि ५० सेंटिम देणं निघालं. संस्था मोडली.

चित्राचा भावही असाच घसरला. कापडाचा व्यापारी एर्नेस्त ओशदेने १८७४मध्ये ते ८०० फ्रँकना घेतलं. त्याचं दिवाळं वाजलं, आणि १८७८च्या लिलावात ते २१० फ्रँकना गेलं. घेणारे जॉर्ज द बेलियो, रुमानियाचे, पॅरिसमध्ये होमिओपॅथी करणारे डॉक्टर. मोनेच्या ओढगस्तीच्या दिवसांत त्यांनी त्याला पुष्कळ सांभाळलं. त्यांच्या मुलीने १९४०मध्ये ते चित्र मार्मोताँला दिलं.

आता धुक्याकडे यायला हवं, कारण तेही बंदराचंच आहे. नोव्हेंबरच्या सकाळी सेनच्या मुखाशी धुकं असतंच, पण १८७२मध्ये त्यात कोळसा मिसळलेला होता. वाफेच्या बोटी, बांधकामावरची इंजिनं, घरोघरीच्या शेगड्या. अॅना ली अल्ब्राइट आणि पीटर हायबर्स या हवामान अभ्यासकांनी २०२३मध्ये इंग्लिश चित्रकार टर्नर आणि मोने यांची बरीच चित्रं तपासून दाखवलं की त्यांतल्या कडा पुसट होत जाण्याचा आणि लंडन-पॅरिसच्या हवेतला धूर वाढत जाण्याचा मेळ बसतो. काही कलासमीक्षकांना हे रुचलं नाही. चित्रकाराचा हात म्हणजे काय धूर मोजायचं यंत्र आहे का, असा त्यांचा सूर. मला त्यात कमीपणा दिसत नाही. धूर होता, तो डोळ्यांना दिसला आणि तो सुंदर दिसू शकतो हे मोनेने ओळखलं. भाऊच्या धक्क्यावर उघड्या डोळ्यांनी बघता येणारा शेंदरी सूर्य ही काही शुद्ध हवेची करामत नाही. तरी मासे उतरवणाऱ्या बायकासुद्धा मान वर करून क्षणभर बघतात, आणि मग पुन्हा भाव सांगायला लागतात.

पॉल हेज टकर या अभ्यासकाने आणखी एक अर्थ लावला आहे. १८७०-७१च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला होता, आल्सास आणि लोरेनचा काही भाग गेला होता, पाचशे कोटी फ्रँकची खंडणी बसली होती. मोने त्या काळात लंडनला निघून गेला होता. तिथे त्याने थेम्सवरचं धुकं पाहिलं, टर्नरची चित्रं पाहिली. परतल्यावर रंगवलेलं हे क्रेनचं, धुराचं, राबतं बंदर म्हणजे सावरणाऱ्या देशाची पहाट, असं टकर म्हणतात. अर्धं पटतं. उजवीकडच्या क्रेन उगाच नाहीत, तिथे खरोखर बांधकाम चालू होतं, आणि दुसऱ्या चित्रकाराने सुंदर दृश्यासाठी त्या गाळल्या असत्या. पण देशभक्ती चित्रात शोधायला गेलं की मला ती सापडत नाही. मला सापडतो तो कामाचा दिवस.

जाता जाता आमच्या बाजूचं एक. ल हाव्र ही फ्रान्समधली कापसाची सगळ्यात मोठी पेठ होती. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि युरोपच्या गिरण्यांनी मुंबईच्या कापसाकडे तोंड वळवलं. त्या पैशावर मुंबईत काय काय उभं राहिलं आणि भाव पडल्यावर काय काय कोसळलं, हे शाळेच्या इतिहासात येतं. १८६९मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि अंतर आणखी कमी झालं. तेव्हा त्या डोलकाठ्यांपैकी एखादी वऱ्हाडच्या सरकीचा वास घेऊन आली असेल, असे मनातले मांडे मी खाते. पुरावा मागू नका.

ते बंदर आता नाही. सप्टेंबर १९४४च्या पहिल्या पंधरवड्यात, जर्मन सैन्याला हुसकावण्यासाठी ब्रिटिश विमानांनी ल हाव्रवर बॉम्ब टाकले. गावाचा मधला भाग जमीनदोस्त झाला, हजारांवर नागरिक गेले, मोनेची खिडकी असलेला धक्काही गेला. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेलं जहाज फुटलं होतं. गोदीत जुन्या लोकांकडून मामांनी ऐकलेल्या कहाण्या त्या स्फोटापाशी सुरू व्हायच्या. ल हाव्र पुढे ऑग्युस्त पेरे या वास्तुविशारदाने सिमेंट-काँक्रीटमध्ये नव्याने बांधलं, सरळ रस्ते, एका मापाच्या खिडक्या. २००५मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. मोनेच्या जागी उभं राहून ते दृश्य पुन्हा बघण्याची सोय मात्र राहिली नाही. म्हणून तर ओल्सनला जुने फोटो लागले.

या बंदराचं आणखी एक चित्र, खरं तर चित्रमालिका आहे आणि तिची आठवण फार कमी लोक काढतात. १९०३च्या उन्हाळ्यात कामीय पिसारो ल हाव्रला आला. तो तेव्हा ७३ वर्षांचा, डोळ्याच्या जुन्या दुखण्यामुळे वाऱ्या-धुळीत उघड्यावर बसणं बंद झालेलं. त्यानेही हॉटेलची खिडकीच धरली आणि दोनेक महिन्यांत वीसहून जास्त चित्रं काढली. १८७४च्या त्या बुडीत प्रदर्शनात तो मोनेच्या जोडीला होता. बंदराच्या त्या मालिकेतली दोन चित्रं ल हाव्रच्या संग्रहालयाने १९०३मध्येच त्याच्याकडून विकत घेतली, ती अजून तिथे आहेत. १३ नोव्हेंबर १९०३ला पिसारो वारला. ओल्सनने काढलेल्या तारखेला बरोबर ३१ वर्षं झाली होती. योगायोग, दुसरं काही नाही.

पिसारोच्या चित्रांत धुकं असलं तरी बंदर लपत नाही. धक्क्यावर माणसं आहेत, पुष्कळ. टोप्या घातलेली, कठड्याला रेलून जहाजं बघणारी, गाड्या ढकलणारी, नुसतीच उभी. मोनेच्या चित्रात होडीतली दोन-चार सावल्यांसारखी माणसं सोडली तर कुणी नाही. इथे गर्दीच गर्दी. आणि नावं बघा. ल हाव्रच्या संग्रहालयातल्या एका चित्राचं नाव पायलटांची खाडी, ल हाव्र, सकाळ, ऊन, चढती भरती. मोनेने सूचीतून जे जे काढलं ते सगळं पिसारोने परत लिहिलं आहे, जागा, गाव, वेळ, हवा आणि पाणी.

दोन्हींतलं एक घरात लावायला दिलं तर मी पिसारोचं घेईन. मोनेचं चित्र मोठं आहे यात शंका नाही, पण ते अर्ध्या तासाचं आहे. त्यासमोर अर्धा तास उभं राहावं, सूर्याला थरथरू द्यावं, आणि निघावं. रोज येता-जाता बघायला मला ती टोपी घातलेली माणसं हवीत. कठड्याला रेललेल्यांपैकी कोण कुणाची वाट बघतंय, कुठलं जहाज आत येतंय, कुठलं सुटतंय, गाडीवाला एवढ्या सकाळी कुणाशी हुज्जत घालतोय, आणि पाणी अजून किती चढायचं आहे.